मेहेंदळे वाड्यातील सभा आणि गावोगावची दप्तरे

गावाचा इतिहास कोठे असतो, असे विचारले तर पुस्तकात असतो, असे उत्तर सहज मिळते. पुस्तकात तो आला कोठून, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. महाराष्ट्रापुरते पाहिले तर तो गावोगावच्या माळ्यांवरून, पेटाऱ्यांतून, देवघरातल्या बासनांतून आणि मंदिरांच्या भिंतींवरील शिलालेखांतून आला. ही साधने उजेडात आणून चारचौघांसमोर वाचण्याची शिस्त ज्या घरात लागली, त्या पुण्याच्या मेहेंदळे वाड्याची हकीकत म्हणूनच प्रत्येक गावाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुण्यातील अप्पा बळवंत चौक पुस्तकांच्या दुकानांसाठी सर्वांच्या परिचयाचा आहे. या चौकाला ज्यांचे नाव आहे ते अप्पा बळवंत मेहेंदळे हे पेशवाईतील सरदार. त्यांचे वडील बळवंतराव मेहेंदळे सदाशिवरावभाऊंबरोबर उत्तरेच्या मोहिमेवर गेले आणि डिसेंबर १७६० मध्ये, पानिपतच्या अखेरच्या युद्धाच्या आधीच्या एका चकमकीत, धारातीर्थी पडले. या घराण्याचा वाडा याच परिसरात होता. पुढे दीडशे वर्षांनी त्याच घराण्यातील सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या कार्याला हात दिला, आणि ७ जुलै १९१० रोजी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. मंडळाचे आरंभीचे कामकाज या वाड्यातच चाले.

राजवाड्यांची त्यापूर्वीची बारा वर्षे भ्रमंतीत गेली होती. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. वाई येथे सापडलेली १७५० ते १७६१ या काळातील पत्रे त्यात आहेत. ज्या पानिपतावर बळवंतराव पडले, त्याच पानिपताची ही अस्सल कागदपत्रे. सरकारच्या ताब्यातील पेशवे दप्तर त्या काळी संशोधकांना सहजी खुले नव्हते. त्यामुळे देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, गुरव यांच्या घरचे कागद हाच मोठा आधार होता. राजवाडे गावोगाव हिंडले. कोठे आदराने दप्तर दाखविण्यात आले, तर कोठे वतनाचा कागद परक्याच्या हाती गेला तर वतनच जाईल, या भीतीने नकार मिळाला. अनेक ठिकाणी कागद होते, पण वाळवीने त्यांची माती केलेली होती.

एकट्या माणसाने हे काम आटोपणारे नव्हते. शिवाय कागद मिळाला म्हणजे इतिहास झाला असेही नाही. त्यावरील मिती खरी की मागाहून घातलेली, शिक्का कोणाचा, अक्षर कोणत्या काळाचे, नक्कल की अस्सल, हे सारे तपासावे लागते. मंडळाच्या सभांचे महत्त्व येथेच आहे. कोणी एखादी सनद, कोणी ताम्रपट, कोणी नाणे, तर कोणी शिलालेखाचा ठसा घेऊन येई. त्यावरील टिपण सर्वांसमक्ष वाचले जाई, आणि मग जाणकार शंका विचारीत. वाचणाऱ्याचे नाव मोठे असले तरी पुराव्यावाचून त्याचे म्हणणे मान्य होत नसे. ही टिपणे मंडळाच्या इतिवृत्तांतून आणि संमेलनवृत्तांतून छापली जात. कामकाज मराठीत असल्यामुळे खेड्यातला कागद आणि त्याच्यावरचा वाद या दोहोंची भाषा एकच राहिली.

अशा कागदाने काय घडू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे जेधे शकावली. भोरजवळील कारी हे जेधे देशमुखांचे गाव. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा ज्यांनी आदिलशाही फर्मानाला न जुमानता शिवरायांची साथ केली, त्या कान्होजी जेध्यांचे हे घराणे. या घराण्यात १६१८ ते १६९७ या काळातील घटनांची तिथीवार नोंद असलेली शकावली जतन झाली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी १९१६ साली मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात ती प्रसिद्ध केली.

तोवर शिवजन्माची तिथी वैशाख शुद्ध २ शके १५४९, म्हणजे १६२७ सालची, अशी सर्वसाधारण समजूत होती. शकावलीत मात्र फाल्गुन वद्य ३ शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद निघाली. एका नोंदीवर सर्वांचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. पुढे १९२७ साली स. म. दिवेकरांनी संपादिलेले कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' प्रसिद्ध झाले. त्यातही शके १५५१ हेच वर्ष आले. जोधपूर येथील जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातील महाराजांच्या कुंडलीनेही तीच तिथी दर्शविली. तरी वाद संपला नाही. १९६६ साली शासनाने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीतही एकमत झाले नाही. अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. कारीच्या देशमुखांनी ती बाडे निकामी समजून बंबात घातली असती, तर हा विचार सुरूच झाला नसता.

पुढे मतभेद होऊन राजवाडे मंडळापासून दूर झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले आणि तेथे त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. पुण्याच्या मंडळाची स्वतःची वास्तू सदाशिव पेठेत झाली. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे अशा विद्वानांनी सभांचा आणि प्रकाशनांचा परिपाठ पुढे चालविला. वाड्यात सुरू झालेले काम वाड्यापुरते राहिले नाही.

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या प्रसंगी ही हकीकत सांगण्याचे कारण उघड आहे. मंदिर हे गावाचे दप्तरच असते. पायरीवरील अक्षरे, घंटेवरील दात्याचे नाव, दीपमाळेवरील शक, पुजाऱ्याच्या घरची इनामाची सनद, उत्सवाच्या जमाखर्चाच्या वह्या यांत गावाच्या कैक पिढ्या बोलत असतात. जीर्णोद्धारात अक्षरांचा दगड उलटा बसतो, लेखावर तैलरंगाचा हात फिरतो, वह्या रद्दीत जातात. हे कोणी द्वेषाने करीत नाही. अजाणता होते, पण झालेली हानी भरून येत नाही.

म्हणून कळस चढविताना गावाने एवढे करावे. लेख रंगविण्यापूर्वी त्याचा ठसा व छायाचित्र घ्यावे. मोडी कागद न समजले तरी फेकू नयेत, जाणकाराला दाखवावेत. आणि वर्षातून एकदा, उत्सवाच्या दिवसांत, मंदिराच्या सभामंडपात गावातीलच एक कागद सर्वांसमक्ष वाचावा व त्यावर मोकळेपणी प्रश्न विचारावेत. मेहेंदळे वाड्यात याहून वेगळे काही घडत नव्हते. सभामंडपाचे नावच मुळी सभेवरून पडलेले आहे.