चार कार्डांचा धनी

मराठीत ‘पत’ म्हणजे अब्रू आणि ‘पत’ म्हणजेच कर्ज मिळण्याची लायकी. ज्या कुणी या दोन गोष्टींना एकच शब्द दिला, तो बँकेत नोकरीला नसावा. गेली वीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागं बसून पाहतो आहे. अब्रूला जपणारा माणूस सहसा कर्ज मागायला येतच नाही, आणि जो येतो त्याला अब्रू सोडून बाकी सगळ्याची झेरॉक्स जोडावी लागते. बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं, की ‘क्रेडिट’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘विश्वास ठेवणे’ या क्रियापदावरून आला. पण विश्वास कुणी, कुणावर आणि कशाच्या जोरावर ठेवायचा, हे परीक्षेला नव्हतं. त्यामुळे सरांनी शिकवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

इतिहासात मात्र हा पेपर पुन्हापुन्हा येतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. आपल्या शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असा, की ज्याला बी-बियाण्यापुरते चार रुपये मागताना सावकाराच्या ओटीवर ताटकळावं लागे, त्या दख्खनच्या शेतकऱ्याला कापसाच्या एकरामागं शंभर रुपये उचल मिळू लागली. जमीन तीच, बैल तेच, पाऊस तर त्याहून बेभरवशाचा. वाढली ती फक्त पत. ‘प्री-अप्रूव्ह्ड’ हा शब्द तेव्हा नव्हता, वस्तू मात्र होती. १८६५ साली युद्ध संपलं, कापसाचा भाव पडला आणि सावकारानं वही मिटली. त्यात सरकारनं शेतसारा वाढवला. म्हणजे पत गेली, कर्ज राहिलं.

आता कायद्याची गंमत पाहा. १८५९ साली सरकारनं कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं ठरवून दिली होती. व्याज साचत जाऊ नये हा सद्‌हेतू. सावकारानं तो कायदा वाचला आणि त्याला तो फार आवडला. दर तीन वर्षांनी तो कुळाला बोलवी, राहिलेलं व्याज मुद्दलात घाली आणि नवा रोखा लिहून अंगठा घेई. शेतकऱ्याला वाटे, जुनं कर्ज फिटलं. फिटलेलं असेच, नव्या कर्जातून!

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले आणि जाळून टाकले. हे लोण नगर जिल्ह्यात पसरलं, तीसांहून अधिक गावं पेटली, ९५१ माणसांना अटक झाली. खरा राग होता तो कागदावर. मग १८७९ साली कायदा होऊन न्यायालयाला रोख्यामागचा सगळा हिशेब उकरून पाहण्याचा अधिकार मिळाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्यात आले. कायगाव टोक्याला गोदावरीच्या पलीकडे कायदा, अलीकडे आम्ही निजामाचे. आमच्या छत्रपती संभाजीनगरापर्यंत, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेपर्यंत, तो काही पोचला नाही.

पण पत पोचायची राहत नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेनं फ्रेस्नो या गावात ६०,००० कार्डं सरळ टपालानं पाठवून दिली. कुणीही मागितली नव्हती. शंभरातली चार खाती थकतील असा बँकेचा अंदाज होता. पुढं राज्यभर वाटप झाल्यावर थकली बावीस. आपल्याकडे सेंट्रल बँकेनं १९८० साली कार्ड काढलं, पण तेव्हा ते मोठ्या माणसांच्या पाकिटात असे. आमच्या निराला बाजारात ते आलं या शतकाच्या पहिल्या दशकात, टाय लावलेल्या घामाघूम पोरांच्या हातून. त्यांची एक युक्ती मला फार आवडे: ‘एका बँकेचं कार्ड दाखवा, दुसऱ्या बँकेचं न्या!’ पगाराचा दाखला नको, आधी दुसरं कुणीतरी फसलंय एवढं पुरे. एका स्थळानं होकार दिलेल्या मुलालाच बाकीची स्थळं सांगून यावीत, तसा प्रकार. मग २००८ आलं. पुन्हा अमेरिकेतच काहीतरी बिनसलं आणि पुन्हा वही मिटली. देशातली पावणेतीन कोटींच्या घरातली कार्डं चार वर्षांत पावणेदोन कोटींच्या आसपास आली.

हल्ली वही परत उघडली आहे. मध्यंतरी वाळूजला कंत्राटावर लागलेला एक तेवीस वर्षांचा मुलगा काउंटरवर आला.

“काका, पाचव्या कार्डाचा अर्ज रद्द झाला बघा. माझा काय गुन्हा?”

“पगार किती रे?”

“हातात अठरा हजार. पण चार कार्डांची लिमिट मिळून एक लाख ऐंशी हजार आहे!” आपल्याकडे लोक बागायत किती एकर ते ज्या सुरात सांगतात, त्या सुरात तो म्हणाला.

“आणि भरतोस कसं?”

“ह्याचं त्याच्यातून, त्याचं ह्याच्यातून. एकदाबी थकवलं नाही.”

मला १८५९ सालचा रोखा आठवला. त्याला सांगितलं, बाबा रे, २००० साली सिबिल नावाची संस्था निघाली, ती ३०० ते ९०० मध्ये तुझी अब्रू मोजते. तू कुठंही अर्ज केलास की त्याची तिथं नोंद होते. महिन्यात पाच दारं वाजवलीस, की सहाव्या दारातला माणूस समजतो, ह्याच्या घरी चूल पेटलेली नाही. आणि ‘किमान रक्कम’ भरून सुटलो असं मानू नकोस. वीस हजार थकले, महिना साडेतीन टक्के व्याज, तर सातशे रुपये व्याज आणि त्यावर एकशे सव्वीस कर. तू हजार भरलेस, तर मुद्दलातले फिटले एकशे चौऱ्याहत्तर. तो बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे पाहत राहिला.

महिना साडेतीन म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. २०१० च्या ऑक्टोबरात याच शहरातल्या मंडळींनी मिळून एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, सुमारे ६५ कोटींचा सौदा. त्यांना बँकेनं कर्ज दिलं ७ टक्क्यांनी. ज्याच्याकडे आहे त्याला पत स्वस्त, ज्याच्याकडे नाही त्याला महाग. हा व्यवहार सावकाराच्या ओटीवरून उठून वातानुकूलित खोलीत गेला, एवढीच प्रगती.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुप्पट नावाचा नियम होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं कार्डाच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची वेस घातली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. दर ठरवणं हे काम रिझर्व्ह बँकेचं, आयोगाचं नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. त्या रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली एक फर्मावलं आहे: न मागता कार्ड गळ्यात मारून आकार लावला, तर बँकेनं तो परत करावा आणि वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा. दामदुप्पट परत आली म्हणायची, पण न मागितलेल्या कार्डापुरतीच. हौसेनं मागून घेतलेल्या कार्डांना ती नाही. त्यांचा रोखा तीन वर्षांनी नव्हे, दर महिन्याला नवा होतो. आणि अंगठा घ्यायला सावकारही यावा लागत नाही. मोबाइलच्या काचेवर आपला आपणच टेकवतो.