चंचल मुलाचें वाढतें वय

दसरा-दिवाळी उरकली कीं बीड जिल्ह्यांतील कित्येक गांवें अर्धीं ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें कोयता उचलून पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊस तोडावयास जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. पुष्कळांचीं मुलेंही बरोबर असतात. परत आलेल्या मुलाचें वर्गांत लक्ष लागेना, तें सारखें उठूं-बसूं लागलें, कीं त्याच्यावर चंचलपणाचा शिक्का बसतो. हा शिक्का खरा कीं खोटा, हें ठरविण्यास एका दिवसाचें पाहणें पुरेल काय? या प्रश्नाचें उत्तर आम्ही वैद्यकाच्या इतिहासांत शोधूं इच्छितों.

अवधानाचा दोष हा कालचा शोध नव्हे. मन एका विषयावर ठरूं न शकणें ही कांहीं जणांची जन्मजात अवस्था असते, असें अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें १७९८ सालीं लिहून ठेविलें. वयाबरोबर ती बहुधा ओसरते, असेंही त्यानें नमूद केलें. १९०२ सालीं डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं लंडन येथील व्याख्यानांत, बुद्धि शाबूत असूनही स्वतःस आवरूं न शकणाऱ्या मुलांचें वर्णन केलें. १९६८ सालच्या अमेरिकन रोगसूचींतही हा विकार किशोरवयांत बहुधा कमी होतो, असेंच म्हटलें होतें.

ही समजूत तपासली गेली ती चिकाटीनें. कॅनडांतील माँट्रिअल येथें गॅब्रिएल वाइस व लिली हेक्टमन या विदुषींनीं अतिचंचल मुलांचा माग तीं प्रौढ होईपर्यंत ठेविला, आणि अनेकांचा दोष तारुण्यांतही टिकतो असें दाखविलें. २००७ सालीं फिलिप शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षें घेऊन सांगितलें कीं, मेंदूच्या बाह्य थराची जाडी सर्वसाधारण मुलांत साडेसाताव्या वर्षाच्या सुमारास कळसास पोहोंचते, तर या मुलांत साडेदहाव्या. म्हणजे वाढीची वाट तीच, पण चाल धीमी. पुढें अमेरिकेंतील एका दीर्घ अभ्यासांत, बालपणापासून पंचविशीपर्यंत पाहिलेल्यांपैकीं सुमारें ६४ टक्के लोकांत हा दोष कधीं ओसरतो, कधीं पुन्हां डोकें वर काढतो, असें २०२१ सालीं आढळलें. एका वर्षीं बरें झालेलें मूल कायमचें बरें झालें असें म्हणतां येत नाहीं, हा त्याचा बोध.

आपल्या महाराष्ट्रांतही असा धीर दिसतो. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं आरंभिली. त्यांचीं मुलें नऊ वर्षांचीं झाल्यावर त्यांतील कांहींची परीक्षा घेण्यांत आली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या मातांच्या रक्तांत गरोदरपणीं ब१२ जीवनसत्त्व फार कमी होतें, त्यांचीं मुलें अवधानाच्या व तात्कालिक स्मृतीच्या कसोटींत मागें पडलीं. हा विकार नव्हे. परंतु लक्ष लागण्याची मुळें वर्गाबाहेर, मातेच्या ताटापर्यंत पोहोंचतात, हें त्यावरून उमगतें.

आतां बीडकडे वळूं. निदानाचा आजचा नियम असा कीं, लक्षणें सहा महिने तरी टिकावीं, तीं घर आणि शाळा अशा दोन ठिकाणीं दिसावीं, आणि त्यांचा आरंभ बाराव्या वर्षापूर्वींचा असावा. ऊसतोड्याच्या मुलाचे नेमके सहा महिने कोपींत जातात. पहांटेपूर्वीं उठणें, धाकटें भावंड सांभाळणें, मोडलेला अभ्यास, यांपैकीं कशानेंही लक्ष उडेल. त्यास रोग म्हणणें अन्याय होय. आणि खरा दोष असतां तो फडाच्या माथीं मारून सोडून देणें, हाही अन्यायच. दोहोंतील भेद तोच करील, ज्यानें मुलास दोन्ही ऋतूंत पाहिलें आहे.

म्हणून हंगामी वसतिगृह हें केवळ पोट भरण्याचें साधन नव्हे, असें आम्हांस वाटतें. तेथें राहिलेलें मूल त्याच गुरुजींच्या डोळ्यांसमोर वर्षभर वाढतें. जें मूल जातेंच, त्याच्याबरोबर एक साधी वही जावी: झोप कशी, अभ्यास कुठवर, स्वभाव कसा. दोन शतकांच्या संशोधनानें जें शिकविलें, तें या वहींत मावेल. मुलाविषयीं निवाडा देण्यापूर्वीं त्याला पुरेसा काळ पाहिलें पाहिजे. आणि पाहण्यासाठीं तें कुणाच्या तरी नजरेंत राहिलें पाहिजे.