संततिनियमन, एचआयव्ही आणि निर्णय घेणारी स्त्री

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, ते वारंवारच्या बाळंतपणांनी खचणाऱ्या स्त्रीचा विचार करून. मूल केव्हा आणि किती, हे तिच्या इच्छेने ठरावे, हा त्यांचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने हे कार्य हाती घेतले आणि व्यक्तीची जागा लोकसंख्येच्या आकड्याने घेतली. १९६८ मध्ये ‘निरोध’ आला, तरी कार्यक्रमाची मुख्य भिस्त शस्त्रक्रियेवर राहिली; आणि आणीबाणीतील सक्तीनंतर पुरुष नसबंदीपासून दुरावल्याने तिचा भार बव्हंशी स्त्रियांवर पडला.

१९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील पहिले एचआयव्हीबाधित शोधले, तेव्हा ही घडी पक्की बसलेली होती. दोन मुलांनंतर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या वस्तीतील स्त्रीला गर्भधारणेची भीती उरत नव्हती. संसर्गापासून मात्र तिला कोणतेच संरक्षण नव्हते. शिवाय एड्सविरोधी प्रचाराने निरोधाची सांगड वेश्यावस्तीशी घातली. पत्नीने तो मागणे म्हणजे पतीवर, किंवा स्वतःवरच, संशय ओढवून घेणे झाले. पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांमध्ये १३.६ टक्के बाधित आढळल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुसंख्य विवाहित आणि एकनिष्ठ होत्या.

अशा स्त्रीला मूल हवे असेल तर? या प्रश्नाला त्या काळी उत्तर नव्हते, कारण तो प्रश्नच गैर मानला जाई. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाधिताचा विवाहाचा हक्क ‘स्थगित’ ठरवला. ते मत २००२ मध्ये मागे पडले. दरम्यान विज्ञान पुढे गेले होते. उपचारांविना मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ते पाच टक्क्यांखाली येते. परंतु औषधे गरिबाच्या आवाक्याबाहेर होती. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ती मोफत मिळू लागली आणि २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला आजन्म उपचार देण्याचे धोरण आले. अखेर २०१७ च्या कायद्याने तिच्या माहितीपूर्ण संमतीविना गर्भपात वा नसबंदी करण्यास मनाई केली.

संमतीचा हा शब्द कायद्यात लिहावा लागला, यातच मागील इतिहास आला. कुटुंबनियोजनाने गरीब स्त्रीकडे जास्त मुले होणारी म्हणून पाहिले, साथनियंत्रणाने रोग पसरवणारी म्हणून. दोन्ही ठिकाणी तिने काय टाळावे, एवढेच सांगितले गेले. तिला काय हवे आहे, हे विचारण्याची सवय आपल्या दवाखान्यांना अजून लागायची आहे. ती लागेल, तेव्हाच कर्व्यांनी आरंभिलेले काम पुरे होईल.