बिनतारी खोलीतले बाबा

या स्मरणिकेसाठी माजी सैनिकांची माहिती मागवणारे पत्र आले, तेव्हा आम्हा तिघा भावंडांत दोन दिवस चर्चा चालली. बाबांचे नाव द्यायचे, यावर एकमत होते. किती सांगायचे, यावर नव्हते. शेवटी सगळे सांगायचे ठरले.

आपली माणसे इंग्लंडात आली त्याचा इतिहास बहुधा बॅरिस्टर, डॉक्टर आणि विद्यार्थी यांच्यापासून सुरू होतो. ते उतारू म्हणून आले. पण मुंबईहून निघणाऱ्या बोटींच्या डेकवर आणि इंजिनखोलीत कोकणातले खलाशी, तांडेल आणि सारंगही असत. त्यांची नावे फारशी कुठे लिहिली गेली नाहीत. बाबा त्याच किनाऱ्याचे, मालवणजवळच्या एका वाडीतले.

१९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते रॉयल इंडियन नेव्हीत भरती झाले. कारण एकच, घरात खाणारी तोंडे फार. महायुद्ध सुरू झाले तेव्हा या नौदलात दोन हजारही माणसे नव्हती. युद्ध संपेपर्यंत ती २५ हजारांवर गेली. बाबांनी आधी कराचीच्या ‘बहादूर’ तळावर मुलांचे प्रशिक्षण घेतले आणि नंतर मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन शाळेत बिनतारी यंत्राचे.

युद्ध संपले, पण खडे निघणारी डाळ आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या संपल्या नाहीत. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला चालला होता, त्याची चर्चा बराकीत होई. फेब्रुवारी १९४६ च्या सुरुवातीला ‘तलवार’वर भिंतींवर घोषणा रंगवल्याबद्दल बलाईचंद्र दत्त या तारायंत्र्याला अटक झाली. १८ फेब्रुवारीच्या सकाळी ‘तलवार’च्या नौसैनिकांनी न्याहारी नाकारली. दोन-तीन दिवसांत संप ७८ जहाजे आणि २० किनारी तळांवर पोहोचला. एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली संप समिती झाली. गेटवेपाशी मुंबईकरांनी नौसैनिकांना जेवण आणून दिले. शहरात गोळीबार झाला, २०० हून अधिक माणसे गेली. सरदार पटेलांच्या सल्ल्यानुसार २३ तारखेला नौसैनिक शरण आले.

एवढे पुस्तकात मिळते. पुढचे मिळत नाही.

संपानंतर चौकशी झाली. बाबांच्या शेजारच्या खाटेवर देवगडचा एक मुलगा होता. भरती एकाच दिवशी, ताट एकच. त्याने विचारणाऱ्याला सरळ सांगितले, “होय, मी संपात होतो.” बाबांनी काय सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत लिहितो : “‘माका काय म्हायत नाय,’ असां सांगलंय मी.” संपामुळे ४०० हून अधिक नौसैनिकांना नोकरीतून काढण्यात आले. देवगडचा मुलगा त्यांत होता. बाबा राहिले.

राहिले म्हणून १९४८ साली इंग्लंड पाहिले. ‘अकिलीझ’ ही क्रूझर भारताने घेतली, तिचे नाव ‘दिल्ली’ ठेवले, आणि ती मुंबईला आणणाऱ्या खलाशांत बाबा होते. ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ हा १९५६ चा चित्रपट इथे टीव्हीवर लागला की आमच्या घरी सण असे. त्यात ‘दिल्ली’नेच आपले जुने रूप, ‘अकिलीझ’, वठवले आहे. बाबा उठून पडद्यावर बोट ठेवत. “ही माझी खोली.” तिथे फक्त लोखंडी भिंत दिसे.

पुढे नौदल सोडून १९६१ साली, नवा स्थलांतर कायदा लागू होण्याआधी, ते इथे आले. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये रात्रपाळ्या केल्या, आम्हाला शिकवले.

दरवर्षी १८ फेब्रुवारीला सकाळी ते काही खात नसत. महाशिवरात्र आसपासच येते, म्हणून आम्हाला तो उपासच वाटे. आईलाही वाटे. कुलाब्याला नौसैनिकांच्या उठावाचे स्मारक २००१ साली उभे राहिले. त्यानंतरच्या भारतभेटीत बाबांना तिथे नेले, तेव्हा त्यांनी वर लिहिलेले सांगितले. आणखी एक सांगितले. रजेवर गावी जाताना मुंबईहून बोटीने जात. देवगडला बोट थांबली, उतारूंना न्यायला पडाव लागले, की बाबा खाली जाऊन बसत. वर येत ते बोट सुटल्यावर. इतक्या वर्षांत एकदाही ते देवगडला उतरले नाहीत.

आमच्यातल्या धाकटीचे म्हणणे होते, हे छापू नये. मेलेल्या माणसाला आता बोलता येत नाही. थोरल्याचे म्हणणे होते, त्यांनी सांगितले ते आपण सांगावे म्हणूनच. आम्हाला इतकेच वाटते की एकोणीस वर्षांच्या मुलाने घरच्या मनिऑर्डरीचा विचार करून दिलेले ते उत्तर होते. त्याची किंमत दोघांनी दिली, एकाने एकदम आणि एकाने आयुष्यभर.

या शंभर वर्षांच्या यादीत बाबांचे नाव यावे. त्याच्याशेजारी एक ओळ कोरी ठेवावी, देवगडच्या त्या मुलासाठी. त्याचे नाव बाबांनी आम्हाला शेवटपर्यंत सांगितले नाही. आपल्या घरी अशी एखादी जुनी ट्रंक असेल, तर वाचकहो, ती टाकून देण्याआधी उघडून पाहा. आणि घरातले म्हातारे माणूस वर्षातून एकदा विनाकारण उपाशी राहत असेल, तर त्याला आजच विचारा.