एकच मंदिर, दोन लेख : तंजावरच्या भिंतींना काय विचारायचं?

सिनॉप्सिस लिहिताना ‘संदर्भ साधने’ हा भाग आपण पटकन उरकतो. शिलालेख आला की प्राथमिक, पुस्तक आलं की दुय्यम. झालं काम! पण एखादं साधन मुळातच प्राथमिक असतं का? की आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो यावर ते ठरतं? तंजावरचं बृहदीश्वर मंदिर घेऊन बघू.

चोळ राजा पहिला राजराज (इ.स. ९८५ ते १०१४) याने हे मंदिर बांधलं. साठ मीटरहून उंच असं त्याचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, आपण फोटोत पाहतोच. शिखरावर बसवायचा सोन्याचा पत्रा मढवलेला तांब्याचा कलश राजाने आपल्या २५ व्या राज्यवर्षाच्या २७५ व्या दिवशी दिला. एवढी नेमकी तारीख आपल्याला कळते, कारण ती तिथल्या दगडावर तमिळमध्ये कोरलेली आहे. आपण दिलेलं, बहिणीने दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं सगळं दान दगडावर कोरा, असा राजाचाच हुकूम होता. कुंदवै ही त्याची थोरली बहीण.

आता हे लेख जवळून बघा. अखंड तेवणाऱ्या एका दिव्यासाठी ९६ मेंढ्या नेमून दिल्या आहेत. त्या सांभाळणाऱ्याने रोज ठरलेलं तूप मंदिरात पोचवायचं. सुमारे ४०० नर्तिकांची यादी आहे. प्रत्येकीचं नाव, ती कोणत्या मंदिरातून आणली, कोणत्या गल्लीतलं कितवं घर तिला दिलं आणि वर्षाला १०० कलम भात, असा चोख हिशेब!

अकराव्या शतकातल्या सामान्य बायकांची नावं आणि पत्ते मिळणं ही केवढी मोठी गोष्ट. पण थांबा. ही यादी ‘काय द्यायचं ठरलं’ ते सांगते. भात दरवर्षी खरंच मिळाला का, आपलं गाव सोडून येताना या बायकांना काय वाटलं, यावर दगड गप्प आहे. म्हणजे राज्याची व्यवस्था कशी आखली होती, यासाठी हे साधन उत्तम. प्रत्यक्ष जगण्यासाठी मात्र अपुरं.

याच मंदिराच्या आवारात दुसरा एक प्रचंड लेख आहे, तोही चक्क मराठीत. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला. ‘भोसले वंश चरित्र’ म्हणून तो ओळखला जातो. यात शहाजीराजांची हकिकत आहे, तंजावरला मराठी राज्य स्थापन करणाऱ्या व्यंकोजीराजांचीही आहे. मग शहाजीराजांवर पीएचडी करणाऱ्याने हा लेख प्राथमिक साधन म्हणून लावायचा का?

शहाजीराजांचा मृत्यू १६६४ चा. लेख १८०३ चा. मधे जवळपास १४० वर्षं गेली. शहाजीराजांपुरतं बोलायचं तर हा समकालीन पुरावा नव्हे. त्यातली प्रत्येक गोष्ट जुन्या कागदांशी ताडून घ्यावी लागेल.

पण प्रश्न बदला. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. सरफोजींकडे किल्ला, वाडा आणि तनखा उरला. त्यानंतर चारच वर्षांत त्यांनी आपल्या घराण्याची कहाणी चोळांच्या मंदिरात दगडावर लिहून घेतली. सत्ता गेलेला राजा आपली ओळख कशी जपतो, आठशे वर्षं जुनं मंदिर त्यासाठी का निवडतो, असा प्रश्न असेल तर हाच लेख अस्सल, अव्वल दर्जाचं साधन होतो.

म्हणजे गंमत बघा. दगड तोच, अक्षरं तीच, पण प्रश्न बदलला की त्याचा दर्जा बदलतो.

तेव्हा सिनॉप्सिसमधल्या प्रत्येक साधनापुढे तीन ओळी लिहून ठेवा : हे कधी तयार झालं, कुणी आणि कशासाठी केलं, आणि माझ्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर यातून मिळणार नाही. तिसरी ओळ लिहिताना सगळ्यात जास्त वेळ जातो. जाऊ द्या. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा तिथूनच येतो.