लट्टलूरपुरवराधीश्वर : गावावरून पडलेल्या कुलनामाचा एक प्राचीन दाखला

नांदेडकर, कंधारकर, देगलूरकर, उदगीरकर, औसेकर, निलंगेकर ही नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील गावांवरून पडलेली आडनावे सर्वपरिचित आहेत. त्यांचे एक लक्षण मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. जेथे सारेच उदगीरचे, तेथे कोणा एकास उदगीरकर म्हणण्याचे प्रयोजन नसते. गाव सुटल्यावर परक्या स्थळी ओळखीसाठी हे नाव चिकटते. वतनदार घराण्यांचा अपवाद सोडल्यास असे आडनाव हे बहुधा वस्तीचे नव्हे, तर स्थलांतराचे चिन्ह होय.

याच स्वरूपाचा एक प्राचीन दाखला राष्ट्रकूटांच्या लेखांत आढळतो. मान्यखेटचा, म्हणजे आजच्या मळखेडचा, राजा पहिला अमोघवर्ष याच्या इ. स. ८६६ मधील शिरूर येथील लेखात त्यास ‘लट्टलूरपुरवरेश्वर’ म्हटले आहे. सौंदत्तीचे रट्ट स्वतःस राष्ट्रकूट कृष्णाचे वंशज म्हणवीत. ९७३ मध्ये राष्ट्रकूट सत्ता लयास गेल्यावर ते कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. तरी बाराव्या-तेराव्या शतकांपर्यंत बेळगाव-सौंदत्ती भागात राज्य करीत असताही ते हेच बिरुद मिरवीत राहिले. लट्टलूर म्हणजे बिलासपूर भागातील रतनपूर, असे फ्लीट यांनी प्रथम मानले होते. पुढे त्यांनीच ते मत सोडून लातूर हे स्थान निश्चित केले. अ. स. आळतेकर यांनी १९३४ च्या ग्रंथात तेच ग्राह्य धरून हे घराणे लातुराहून वऱ्हाडात गेले असावे, असे प्रतिपादिले.

बिरुदाचा पुरावा कितपत विश्वसनीय, हा प्रश्न येथे उद्भवतो. देवगिरीचे यादव ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ म्हणवीत. त्यात कृष्णाच्या द्वारकेशी नाते जोडण्याचा हेतू उघड आहे. लातुरास असे पौराणिक माहात्म्य नव्हते. मोठेपणासाठी कोणी कुलस्थान कल्पिलेच, तर ते इतके साधे कल्पिणार नाही. ठाणे व कोल्हापूर येथील शिलाहारांच्या ‘तगरपुरवराधीश्वर’ या बिरुदातील तगर, म्हणजे लातुराजवळचे तेर, हे मात्र प्राचीन व्यापारपेठ म्हणून ख्यात होते. म्हणून राष्ट्रकूटांच्या बिरुदात मूळ गावाची खरी स्मृती मानणे सयुक्तिक ठरते. ती स्मृती मूळ स्थानाची साक्ष देते. तेथे पूर्वजांचे राज्य होते, एवढे त्यावरून सिद्ध होत नाही.

‘राष्ट्रकूट’ या नावाची गोष्ट निराळी आहे. ग्रामकूट म्हणजे गावाचा प्रमुख, तसा राष्ट्रकूट म्हणजे राष्ट्र नामक प्रदेशविभागाचा प्रमुख. हे मूळचे अधिकारपद होय. दहाव्या शतकात राजस्थानातील हथुंडी येथेही राष्ट्रकूट घराणे होते, आणि ‘राठोड’ हे नाव याच शब्दापासून आल्याचे मानले जाते. परंतु शब्द एक म्हणून रक्त एक, असे अनुमान काढता येत नाही. पाटील वा देशमुख म्हणविणारी सारी घराणी जशी एका पूर्वजाची नव्हेत, तसेच हे आहे.

वंशावळीचा शोध घेताना या भेदास महत्त्व आहे. पदावरून आलेले नाव पूर्वजांचे काम सांगते, तर गावावरून आलेले नाव त्यांनी सोडलेली वाट दाखविते. अनेक पिढ्या मान्यखेट व सौंदत्ती येथे नांदूनही ज्या घराण्यांच्या लेखांतून लातूर सुटले नाही, त्यांच्या इतिहासात हे दुसरे नाव अधिक बोलके ठरते.