ब्रह्मावर्तचा वाडा आणि दोन बागा

मराठवाड्यांत मानवत-पाथरीच्या बाजूस एखादी गढी ढासळली म्हणजे तिची पांढरी माती धाब्यांवर जाते, दगड कोणाच्या तरी जोत्यांत बसतात, आणि दोन पिढ्यांत नांवापलीकडे कांहीं उरत नाहीं. परंतु जो वाडा काळानें न पडतां शत्रूनें हेतुपूर्वक पाडला, त्याच्या जागेचें काय होतें? याचें उत्तर आम्हांस कानपुराजवळ, गंगाकांठच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठुरास सांपडतें.

ता. ३ जून १८१८ रोजीं दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले, आणि सालिना ८ लक्ष रुपयांच्या पेन्शनीवर बिठुरास येऊन राहिले. त्यांच्या मागोमाग पुष्कळ मराठी कुटुंबें गेलीं व पुण्याचें एक लहानसें प्रतिबिंब गंगेच्या तीरीं उमटलें. १८५१ सालीं बाजीराव वारले. दत्तकपुत्र नानासाहेब यांस ती पेन्शन देण्याचें कंपनीनें नाकारलें. पुढें जुलै १८५७ मध्यें हॅवलॉकच्या फौजेनें वाडा जाळला. डिसेंबरांत होप ग्रँटनें उरलेलें पाडून विहिरी उपसल्या व खजिना काढला. आज तेथें नानारावांच्या स्मारकाचें सार्वजनिक उद्यान आहे. पडकी भिंत आणि विहिरी एवढीच काय ती वाड्याची साक्ष.

पण कथा येथेंच थांबविली तर ती अर्धी राहील. ता. १५ जुलै १८५७ रोजीं कानपुरांतील ‘बीबीघर’ नांवाच्या बंगल्यांत कैदेंत असलेल्या सुमारें २०० युरोपीय स्त्रिया व मुलें यांची कत्तल होऊन प्रेतें विहिरींत टाकण्यांत आलीं. हुकूम कोणाचा, हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. पुढें तें घरही नाहींसें झालें; विहिरीवर मारोचेट्टीनें घडविलेला संगमरवरी देवदूत उभा राहिला, भोंवतीं बाग झाली, आणि परवान्यावांचून हिंदी माणसास तींत पाऊल टाकतां येईना. स्वातंत्र्यानंतर देवदूत तेथील ख्रिस्तमंदिराच्या आवारांत गेला, आणि बागेस नांव मिळालें तें नानारावांचेंच!

एकाच पुरुषाच्या नांवाच्या या दोन बागा, आणि दोन्ही गेलेल्या घरांच्या जागीं. हिरवळ दोहोंकडे सारखीच उगवते. ज्याच्या हातीं फाटकाची किल्ली, त्याचेंच दुःख मात्र तिच्यावर कोरलें जातें. आतां फाटकें सर्वांस उघडीं आहेत, हें योग्यच झालें. म्हणूनच आमचें वाचकांस सांगणें इतकेंच, कीं मुलांबाळांसह तेथें गेल्यास बिठुरचा वाडा सांगावा, तशीच कानपुरची विहीरही सांगावी. एकच गोष्ट सांगणें म्हणजे उघडलेलें फाटक पुन्हां लावून घेण्यासारखें आहे.